न्हाणीघराच्या हवेचा जमाखर्च

पुनर्वसूचा तरणा पाऊस एकदा लागला आणि गगनबावड्याच्या घाटमाथ्यावरून निघालेले ढग रंकाळ्यावर येऊन ठेपले, म्हणजे कोल्हापुरात घरोघर ओलीचा अंमल सुरू होतो. सकाळी दोरीवर टाकलेला पंचा रात्रीही दमटच लागतो, बरणीतले मीठ पाघळते, कपाटातल्या जरीच्या साडीला कुबट वास येऊ लागतो. आणि न्हाणीघराच्या छताच्या कोपऱ्यात मृगाच्या आरंभी तिळाएवढा असलेला बुरशीचा काळा ठिपका आश्लेषा उजाडेपर्यंत तळहाताएवढा झालेला असतो. चुना लावा, रंग द्या, औषधाचे पाणी फवारा, पुढल्या आषाढात तो पुन्हा त्याच जागी उमटतो. कारण रोग भिंतीत नसून हवेत असतो, आणि ती हवा बाहेर काढण्याची तजवीज आपण केली आहे या समजुतीने आपण निर्धास्त असतो. त्या तजविजीचा, म्हणजे न्हाणीघरातील एक्झॉस्ट पंख्याचा आणि त्याला जोडलेल्या नळीचा, हिशेब कसा मांडावा हा या प्रकरणाचा विषय आहे. विषय लहान दिसतो खरा. पण घरातील माणसांचे आरोग्य आणि घराचे आयुष्य ही दोन्ही त्याच्याशी बांधलेली असल्यामुळे मला तो लहान वाटत नाही.

शिवाजी पेठेतील आमच्या जुन्या घराचे न्हाणीघर परसात होते. काळ्या दगडाची फरशी, एका अंगाला तांब्याचा बंब, त्याच्या शेजारी घंगाळ आणि विसणाची बादली, एवढाच त्याचा सरंजाम. आजी पहाटे बंबात चिपाडे आणि शेणकुटाचा तुकडा घालून विस्तव करी, आणि कढत पाण्याच्या वाफेबरोबर तो धूरही भिंतीच्या माथ्यावर आणि कौलांच्या खाली मुद्दाम सोडलेल्या हातभर फटीतून बाहेर जाई. दाराच्या फळ्यांमध्ये बोट शिरेल एवढ्या चिरा होत्या. त्यांतून थंड हवा आत येई, बंबाच्या उष्णतेने हलकी होऊन वर चढे आणि जाताना ओल घेऊन जाई. दुपारी कौलांत बसविलेल्या काचेतून उन्हाची एक पट्टी फरशीवर उतरे आणि उरलेले काम ती पुरे करी. त्या घरात हवेचे गणित कोणी केले नव्हते. पण ते बांधणाऱ्या गवंड्याला ते ठाऊक होते, कारण हवेला येण्याची वाट आणि जाण्याची वाट अशा दोन्ही वाटा त्याने ठेवल्या होत्या.

आजच्या सदनिकेत या दोन्ही वाटा बुजल्या आहेत. न्हाणीघर घराच्या पोटात आले. त्याच्या तीन भिंती इतर खोल्यांना लागून, आणि चौथी इमारतीच्या मधोमध तळापासून गच्चीपर्यंत गेलेल्या त्या अरुंद पोकळीला लागून, जिला आपण सगळेच ‘डक्ट’ म्हणतो. वास्तविक डक्ट म्हणजे हवा वाहून नेणारी नळी. या पोकळीत मात्र सांडपाण्याचे पाइप आणि पारव्यांची घरटी यांचीच वस्ती अधिक. तिच्याकडे उघडणाऱ्या वीतभर खिडकीत पंखा बसविला, की वायुवीजनाचा बंदोबस्त झाला असे मानण्याचा शिरस्ता पडला आहे.

पंखा केवढा हवा, हा पहिला प्रश्न. दुकानात आपण तो इंचांत विचारतो, ‘सहा इंची द्या’ किंवा ‘आठ इंची द्या’. इंच हे पात्यांच्या वर्तुळाच्या व्यासाचे माप झाले. पंखा किती हवा हलवितो हे त्यावरून कळत नाही. ते कळते खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेल्या ताशी घनमीटरांच्या आकड्यावरून. आपल्या खोलीचा आकार त्या आकड्यापुढे ठेवावा लागतो. समजा, न्हाणीघर ५ फूट रुंद, ७ फूट लांब आणि ९ फूट उंच आहे. म्हणजे ३१५ घनफूट, सुमारे ९ घनमीटर हवा. न्हाणीघरातील सगळी हवा तासाला निदान आठ वेळा बदलावी असा जो व्यवहारातला दंडक आहे, तो लावला तर तासाला ७१ घनमीटर हवा काढणे आले. न्हाणीघर कितीही लहान असले तरी मिनिटाला ५० घनफुटांच्या खाली जाऊ नये असा अमेरिकेतील वायुवीजनशास्त्रज्ञांचा आग्रह आहे, आणि तो रास्त आहे, कारण खोली लहान झाली म्हणून बादलीतल्या पाण्याची वाफ कमी होत नाही. ते ५० घनफूट म्हणजे ताशी ८५ घनमीटर. आपल्या मध्यमवर्गीय न्हाणीघराला हा आकडा पुरतो. मात्र तो खोक्यावरचा नव्हे, प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या हवेचा असला पाहिजे. या दोहोंत केवढी तफावत असते, ते पुढे पाहू.

जाता जाता एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. खोलीला हवा किती लागते हे मोजून ठरविण्याची परंपरा फार जुनी नाही. म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये माणसांच्या उच्छ्वासातून खोलीत साठणारा कार्बनवायू मोजला आणि त्यावरून हवा शुद्ध की अशुद्ध हे सांगण्याची रीत घालून दिली. बसण्याउठण्याच्या खोलीत श्वास हे माप झाले. न्हाणीघरात वाफ हे माप. पण हवा डोळ्यांना दिसत नसली तरी तिची मोजदाद होऊ शकते, हा विश्वास तेव्हापासूनचा आहे, आणि आपण हातात फूटपट्टी घेऊन खोली मोजू लागतो ती त्याच विश्वासावर.

आता त्या खोक्यावरच्या आकड्याविषयी. असल्या पंख्यांसाठी आपल्याकडे भारतीय मानक २३१२ आहे. पाती असलेला हा पंखा किती हवा देतो हे सांगताना, त्याच्यापुढे कसलाही अडथळा नाही, ना नळी, ना जाळी, ना झडप, असे धरण्याची वहिवाट आहे. मोकळ्या माळावर पळणाऱ्या बैलाचा वेग आणि चिखलात रुतलेली गाडी ओढणाऱ्या त्याच बैलाचा वेग यांत जेवढे अंतर, तेवढेच त्या आकड्यात आणि प्रत्यक्ष मिळणाऱ्या हवेत पडते. खिडकीत सरळ बसविलेल्या पंख्याच्या बाबतीत हे अंतर थोडे असते. पंख्याला नळी जोडली की मात्र सगळा मामला बदलतो.

हे मी शिकलो ते आमच्याच घरी, आणि जरा उशिराच. राजारामपुरीतील बिऱ्हाडात राहायला आलो तेव्हा न्हाणीघराला प्लास्टिकच्या पट्ट्यांचे खोटे छत होते आणि त्यात सहा इंची पंखा बसविलेला होता. तो गुरगुरत असे. पण स्नान आटोपून अर्धा तास झाला तरी आरशावरचे धुके हटत नसे. आधीचा पंखा दुबळा असेल असे समजून मी त्याच्याहून मोठा आणला. आवाज वाढला, धुके तसेच राहिले. तिसऱ्या पावसाळ्यात खोट्या छताची एक पट्टी आपल्याच ओझ्याने खाली लोंबू लागली तेव्हा मी शिडी लावली आणि विजेरी घेऊन डोके वर घातले. पट्ट्यांची वरची बाजू काजळी धरल्यासारखी काळी पडली होती, चौकटीचे खिळे गंजून फुगले होते, स्लॅबच्या तळाला पाण्याचे थेंब ओळीने लटकत होते. पंख्यापासून निघालेली ॲल्युमिनियमची सुरकुतलेली नळी, पेटीच्या भात्यासारखी दबलेली, दोन वेळा वळण घेऊन भिंतीकडे गेली होती; भिंतीतले भोक होते तीन इंची, आणि नळीचे तोंड त्या भोकापासून चार बोटे अलीकडेच थांबले होते. तीन वर्षे आमचा पंखा न्हाणीघराची वाफ इमानाने उचलून आमच्याच डोक्यावर साठवीत होता. ज्या ठेकेदाराने ते काम केले त्याच्यावर राग धरून आता उपयोग नव्हता. पण घर ताब्यात घेताना नळीचे दुसरे टोक कोठे निघते हे मी एकदाही पाहिले नव्हते, ही गोष्ट मला अजून बोचते.

ते भोक तीन इंची का, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो; सारे रहस्य मात्र त्यातच आहे. नळीतून वाहणाऱ्या द्रवाला आणि वायूला किती विरोध होतो याचे सूत्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला दोघांनी सिद्ध केले, एक फ्रायबर्गच्या खाणविद्यालयातील अध्यापक युलिउस वाइसबाख आणि दुसरे फ्रान्सातील दिजाँ शहराला पाणी पुरविणारे अभियंते आंरी दार्सी. त्या सूत्राचा घरगुती अर्थ असा, की तेवढीच हवा न्यायची असेल तर नळीचा व्यास जसजसा घटेल तसतसा लागणारा दाब व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढतो. व्यास निम्मा केला तर दाब दुप्पट लागत नाही, चौपटही नाही. तो बत्तीस पट लागतो. चार इंची नळीच्या जागी तीन इंची घातली तर सव्वाचार पट, आणि सहा इंची घातली तर जवळजवळ साडेसातव्या हिश्श्याइतकाच. एका इंचाची काटकसर किती महाग पडते ते यावरून दिसेल.

व्यासानंतर वळणे. पूर्वी शहराच्या वेशीवर जकातनाका असे आणि प्रत्येक नाक्यावर मालाला जकात भरावी लागे. नळीतील हवेलाही प्रत्येक कोपरावर तशीच जकात द्यावी लागते. चार इंची नळीचे एक काटकोनी वळण साधारण दहा फूट सरळ नळीइतका विरोध करते. आमच्या घरचा हिशेब सांगतो. नळी प्रत्यक्षात १२ फूट. वळणे दोन, त्यांचे २० फूट. बाहेरच्या तोंडाशी झडप आणि टोपी, त्यांचे मिळून २५ ते ३० फूट. म्हणजे टेपने मोजलेली बारा फुटांची नळी हवेच्या लेखी साठ फूट लांब झाली. या साठ फुटांतून ताशी ८५ घनमीटर हवा न्यायला, नळी आतून गुळगुळीत असली तरी, सुमारे २५ पास्कल दाब खर्ची पडतो. पास्कल हे एकक अगदी बारीक आहे. २५ पास्कल म्हणजे पाण्याची अवघी अडीच मिलिमीटर उंची जेवढा दाब देते तेवढा. चमचाभर पाण्याएवढा हा दाब. पण खिडकीत बसणाऱ्या चार इंची पंख्याचा दम साधारण तीस-चाळीस पास्कलच्या आसपास संपतो, आणि तेथपर्यंत पोचण्याच्या आधीच तो हवा देणे कितीतरी कमी करतो. तीच नळी तीन इंची असती तर शंभर पास्कल लागले असते, म्हणजे त्या पंख्याने नुसते जागच्या जागी फिरत राहायचे. भात्यासारखी सुरकुतलेली नळी असेल आणि ती ताणून न बसविता दबलेली ठेवली असेल, तर विरोध दुपटीच्याही पुढे जातो. म्हणून माझे मत असे झाले आहे, की आपल्याकडे जी सांडपाण्याची ११० मिलिमीटरची पीव्हीसी नळी कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, तीच या कामाला उत्तम. आतून गुळगुळीत, सांधे घट्ट, आणि गंजाची धास्ती नाही.

उद्यमनगरात ज्यांनी ओतकामाचा कारखाना पाहिला असेल त्यांना पंख्याच्या दोन जातींतला भेद समजावून सांगावा लागत नाही. तेथे कुपोला भट्टीत कोक, चुनखडी आणि बीड यांचे थर एकावर एक रचलेले असतात, आणि त्या गच्च रचलेल्या थरांतून वारा वर न्यायचा असतो. त्यासाठी छताच्या पंख्यासारखी पाती असलेले यंत्र कोणी लावीत नाही. लावतात तो ब्लोअर, गोगलगाईच्या कवचासारख्या घरात फिरणारे चाक, जे हवा मध्यावर ओढून घेते आणि कडेने जोराने फेकते. पाती असलेला पंखा पुष्कळ हवा हलवितो, पण अडथळ्यापुढे मान टाकतो. ब्लोअर थोडी हवा हलवील, पण रेटून नेईल. न्हाणीघरासाठीही याच धर्तीचे लहान पंखे मिळतात, आणि त्यांतले चांगले शंभर पास्कलच्या पुढेही हवा देत राहतात. पंख्यातून थेट भिंतीपार जायचे असेल तर पात्यांचा साधा पंखा पुरेसा आहे. पण नळी पाच-सहा फुटांहून लांब असेल किंवा तिला एकाहून अधिक वळणे असतील, तर जास्त पैसे मोजून ब्लोअरच्या जातीचा पंखा घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

कोणी म्हणेल की वाफ गरम असते, ती आपोआप वर जाईल; गुऱ्हाळाच्या धुराड्यातून धूर जातोच की. धुराड्याचे उदाहरण मोठे बोलके आहे. चुलवाणातून निघणारा धूर बाहेरच्या हवेपेक्षा तीन-चारशे अंशांनी अधिक तापलेला असतो. धुराडे तीस फूट उंच धरले तर त्या तापल्या स्तंभाच्या हलकेपणामुळे पन्नास पास्कलच्या जवळपास ओढ निर्माण होते, आणि म्हणूनच कागल-करवीरकडची गुऱ्हाळे पंख्याशिवाय चालत आली. न्हाणीघरातील हवा बाहेरच्यापेक्षा फार तर पाच अंशांनी उबदार, आणि चढायला उंची दहा फूट; येथे ओढ होते अवघी अर्ध्या पास्कलची. बंबाचा विस्तव होता तोवर जुन्या न्हाणीघरात थोडे धुराडे होते. गिझरच्या न्हाणीघरात ते उरलेले नाही.

जाण्याची वाट इतकी तपशिलाने पाहिल्यावर येण्याच्या वाटेकडे वळले पाहिजे, कारण घरोघर चूक होते ती येथे. आमची नळी नवी घालण्यासाठी उद्यमनगरातले एक वयस्क पत्राकाम करणारे मेस्त्री आले होते. नवा पंखा बसला, नळीचे सांधे झाले, मी बटण दाबले. मेस्त्रींनी जाळीपाशी वर्तमानपत्राचा कागद धरला, तो जरासा चिकटला आणि खाली पडला. पंख्याकडे पाहण्याऐवजी ते दाराकडे पाहू लागले.

‘‘सर, वारं भाईर काढायचं म्हणताय, पर आत येणार कुठनं? दार तर गच्च बसतंय.’’

‘‘मग काय करायचं, मेस्त्री?’’

‘‘खालनं बोटभर कापा. आनी उदबत्ती लावून बघा सर, ती खोटं बोलत न्हाई.’’

देवघरातली उदबत्ती आणली. दार बंद करून ती उंबऱ्याशी धरली, तेव्हा धुराची रेघ सुतासारखी आत खेचली जात होती, इतकी बारीक आणि इतकी वेगाने की तेवढ्यावरून फट किती अपुरी आहे हे कळावे. न्हाणीघराचे पाणी बाहेर येऊ नये म्हणून आपण ग्रॅनाइटचा उंबरा घालतो आणि दार त्यावर टेकेल असे बसवितो. खाली राहते पाव इंचाची फट. दार २४ इंच रुंद, म्हणजे वाट ६ चौरस इंचांची, आणि चार इंची नळीचे तोंड साडेबारा चौरस इंचांचे. जितकी हवा आत येईल तितकीच बाहेर जाईल हा निसर्गाचा ताळेबंद आहे. त्यात उधारी नाही. ताशी ८५ घनमीटर हवा त्या सहा चौरस इंचांतून ओढायची तर एकट्या फटीसाठीच पन्नासाहून अधिक पास्कल लागतील. फट पाऊण इंचाची केली की वाट १८ चौरस इंचांची होते आणि तो भार सहा-सात पास्कलवर येतो. दुसऱ्या दिवशी सुताराने दार कापले. मेस्त्रींनी पुन्हा कागद धरला. तो जाळीला चिकटला आणि पंखा बंद करीपर्यंत सुटला नाही. दार कापायचे नसेल तर खालच्या भागात तिरप्या पट्ट्यांची जाळी बसवावी. काम तेच होते.

खिडकीत पंखा असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. काचेच्या आडव्या पट्ट्यांच्या खिडकीतल्या वरच्या दोन पट्ट्या काढून तेथे पंखा बसवितात आणि खालच्या पट्ट्या ‘हवा यावी म्हणून’ उघड्या ठेवतात. हवा येते, पण येते ती पंख्याने नुकतीच बाहेर टाकलेली; वीतभर अंतरावर ती वळसा घालून परत आत शिरते, आणि दाराजवळच्या कोपऱ्यातली वाफ जागची हालतही नाही. पंखा चालू असताना त्या पट्ट्या मिटलेल्या असाव्यात आणि हवा समोरच्या दारातून यावी, म्हणजे खोलीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे असा तिचा प्रवास होतो.

नळीचे तोंड कोणत्या दिशेला काढावे, याला कोल्हापुरात विशेष महत्त्व आहे. पावसाळ्यात आपल्याकडचा वारा पश्चिमेचा आणि नैऋत्येचा, आणि तो दिवसचे दिवस पडत नाही. तासाला २२ किलोमीटर वेगाचा वारा भिंतीवर सरळ आदळला तर त्याचा दाब सुमारे २० पास्कल भरतो, म्हणजे बिचाऱ्या लहान पंख्याच्या निदान निम्म्या बळाएवढा. नेमके ज्या दोन महिन्यांत पंख्याची सर्वांत अधिक गरज, त्याच दोन महिन्यांत पश्चिमेकडे तोंड केलेला पंखा वाऱ्याशी झुंजत राहतो आणि झडपेखालून पावसाची झड आत घेतो. शक्य असेल तर तोंड पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे काढावे. पश्चिमेखेरीज गत्यंतर नसेल तर खाली वळलेली टोपी घालावी आणि पंखा ब्लोअरच्या जातीचा घ्यावा.

हे सगळे जमले तरी आषाढ तो आषाढच. फाल्गुनातल्या कोरड्या दुपारी बाहेरच्या एका घनमीटर हवेत आठ-दहा ग्रॅम बाष्प असते. ती न्हाणीघरातून जाताना चोवीस ग्रॅमपर्यंत भरून जाते, म्हणजे दर घनमीटरला चौदा-पंधरा ग्रॅम पाणी उचलते. आषाढात बाहेरचीच हवा एकोणीस-वीस ग्रॅम घेऊन आत येते. तिच्या गाठोड्यात चार-पाच ग्रॅमांपुरतीच जागा उरलेली. ताशी ८५ घनमीटरांच्या हिशेबाने तासाला फार तर सव्वाचारशे ग्रॅम, आणि तेही फरशी उबदार असेपर्यंत. आता आंघोळीनंतर फरशीवर आणि भिंतींवर राहिलेल्या पाण्याचा थर दशांश मिलिमीटर धरला तरी पाऊण शेर, म्हणजे सुमारे सातशे ग्रॅम पाणी तेथे पसरलेले असते. एवढे सगळे पंख्याने वाफ करून न्यावे अशी अपेक्षा ठेवली तर त्याला दुपार होईल. म्हणून पावसाळ्यात स्नान झाल्यावर रबरी वायपरने आधी भिंती आणि मग फरशी निपटून घ्यावी. दोन मिनिटांच्या त्या कामाने पंख्याचे निम्म्याहून अधिक ओझे मोरीत जाते. उरलेल्यासाठी पंखा वीस मिनिटे चालू ठेवावा. घरातून निघायच्या घाईत कोणी वीस मिनिटे थांबत नाही, म्हणून वेळेचे बटण लावून घ्यावे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगण्यासारख्या आहेत. नळीला फुटामागे पाव इंच उतार बाहेरच्या अंगाला द्यावा, कारण मार्गशीर्ष-पौषाच्या पहाटे नळी गार पडते आणि आतल्या वाफेचे पाणी होते. उतार उलटा असेल तर ते पाणी पंख्याच्या मोटरीत उतरते. बाहेरच्या तोंडाला पडती झडप हवी, नाहीतर डक्टमध्ये सोडलेली खालच्या मजल्यावरची हवा आपल्या घरी येते. पारवे आत शिरू नयेत म्हणून पाव इंच भोकांची जाळी पुरे. डासांची जाळी लावली तर ती चार महिन्यांत तंतूंनी आणि धुळीने बुजते. पंख्याचा वीजपुरवठा आरसीसीबीमधूनच, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या बटणामधूनच घ्यावा आणि पाण्याचा फवारा पोचेल अशा जागी तो बसवू नये.

एका गोष्टीसाठी मात्र थांबलेच पाहिजे, कारण तेथे बुरशीचा नव्हे, प्राणांचा प्रश्न आहे. पुष्कळ घरांत न्हाणीघरातच गॅसचा गिझर असतो. गॅस जळताना खोलीतला प्राणवायू खर्च होतो, आणि तो अपुरा पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि माणसाला गुदमरल्याची जाणीव होण्याआधीच त्याची शुद्ध हरपते. दार गच्च, खिडकी मिटलेली, आणि वर पंखा चालू, अशा न्हाणीघरात पंखा रक्षणकर्ता ठरेल असे समजू नये. आत यायला हवा नसली की पंखा जळलेला वायूही गिझरच्या धुराड्यातून उलटा खाली खेचू शकतो. गॅसचा गिझर न्हाणीघराच्या बाहेर, उघड्या सज्ज्यात असावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी यावी. आमच्या मजल्यावरच्या दोन घरांनी गेल्या वर्षी तो बाहेर काढून घेतला. तिसऱ्या घरी मी अजून तगादा लावून आहे.

आमच्या न्हाणीघराचे खोटे छत पुन्हा घातले नाही. नळी उघडीच ठेवली, पांढरी, भिंतीलगत, पूर्वेकडच्या भोकापर्यंत जाताना दिसेल अशी. भोक चार इंची करून घेण्यासाठी अर्धा दिवस कोअर कटर लागला आणि वळणे दोनाची एक झाली. यंदा पुष्याचा म्हातारा पाऊस आठ दिवस धरून होता. त्यातल्या एका सकाळी स्नान आटोपून मी आरशापुढे घड्याळ घेऊन उभा राहिलो. धुके आधी वरच्या काठाने विरले, मग मधोमध कपाळाएवढा भाग लख्ख झाला, आणि नवव्या मिनिटाला खालच्या कोपऱ्यातला शेवटचा ढग नळाच्या उंचीवर येऊन नाहीसा झाला. उंबऱ्याशी लावलेल्या उदबत्तीचा धूर अजून आत येत होता, संथ, एका रेषेत, पंख्याकडे.